मानेला टोचणारं लेबल

‘ताई, मी २३ वर्षांची, सोलापूरची. पुण्यात फॅशन डिझाइनचा कोर्स केला. वडील युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहेत, आई घरी काजं-बटणं करते. मुंबईत लोअर परळच्या, कपड्यांच्या एका नावाजलेल्या लेबलकडून असिस्टंटची ऑफर आलीय, पगार २२,०००. पण मला स्वतःचं लेबल काढायचंय. वडील पीएफमधून ४ लाख काढून देतो म्हणतात. मैत्रिणी म्हणतात, नोकरीत नुसत्या टाचण्या वेचायला लावतील. आईला ती लाइनच चांगली वाटत नाही. तुम्ही वीस वर्षं लेबल चालवताय. बाहेरून दिसतं तसं असतं का हो आत? आणि खरं सांगू? कॉलेजात मी वडील “गारमेंटमध्ये आहेत” एवढंच सांगायचे.

ता.क. रुजू व्हायच्या आधी एकदा मालकीणबाईंना भेटायचंय. त्या दिवशी मोठ्या ब्रँडची बॅग नेली तर? फर्स्ट कॉपी आहे, पण ओळखू येत नाही.

– प., सोलापूर’

प.,

आधी पैशांचं बोलू. वडिलांचे ४ लाख घेऊ नकोस. निदान आत्ता नको.

कारण आकड्यांतच सांगते. कॉलेजात मूडबोर्ड, म्हणजे कल्पनांची चित्रं-तुकडे चिकटवलेले फलक, वर्षभर करून घेतात आणि कॉस्टिंग शेवटी दोन तासांत उरकतात. (मी पाहुणी म्हणून शिकवायला जाते. उरकणाऱ्यांत मीही आहे.) एक साधा सुती ड्रेस घे. अडीच मीटर कापड, २२० रुपये मीटर, म्हणजे ५५०. अस्तराचे १२०. शिलाई २८०. चेन, बटणं, धागा मिळून ४५. धागे तोडणं, इस्त्री, पिशवी यांचे ६०. लेबल आणि टॅग १२. झाले १,०६७, आपण १,०७० धरू. छापील किंमत ठेव २,४९०. ही किंमतही अशीच सुचलेली नाही. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के जीएसटी आणि त्याच्या वर थेट १८ टक्के, त्यामुळे आमच्यातले बरेच जण हल्ली अडीच हजारांच्या उंबऱ्याच्या आत पाय आखडून बसलेत. कर बाजूला काढला की राहतात २,३७१. दुकानाचे ३५ टक्के, म्हणजे ८३० गेले. उरले १,५४१. त्यातून तुझा खर्च वजा कर. ४७१.

वाईट नाहीत ना? मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. पण दुकान तुझा माल विकत घेत नसतं, नुसता ठेवून घेतं. खपला तर पैसे, नाही तर माल परत. जुने व्यापारी याला जाकड म्हणतात, दुकानातली मुलं कन्साइनमेंट म्हणतात, अर्थ एकच: जोखीम तुझी. समज, १० ड्रेस दिलेस, ७ गेले, ३ परत आले. सात जणींचे ४७१ म्हणजे ३,२९७. परत आलेल्या तिघांत तुझे ३,२१० अडकले. हातात राहिले ८७ रुपये. १० ड्रेसचे मिळून. यात सॅम्पल नाही, फोटो नाहीत, जागेचं भाडं नाही, तुझा स्वतःचा चहासुद्धा नाही. ते ३ ड्रेस सेलमध्ये काढशील, त्याचे येतील ते कुरियरवाल्याला जातील. आणि पहिल्या वर्षी दहातले सात खपले तर नशीब चांगलं म्हणायचं.

दुकानच नको, ऑनलाइन विकीन म्हणशील. वीक. मग ३५ टक्क्यांच्या जागी जाहिरात येते आणि ‘साइज बसली नाही’ म्हणून परत आलेली पार्सलं येतात. भाडं कुणाला तरी द्यावंच लागतं, इतकंच.

आता माझं ऐक. मी सुरुवात केली ती आईच्या पाटल्या मोडून. मुंबईतल्या एका झकपक दुकानाने ४० कुर्ते ठेवून घेतले, काचेत माझं नाव लावलं, मी त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढला. कुर्ते दोन महिन्यांत संपले. पैसे अकरा महिन्यांनी आले, तेही तुकड्यांनी. दर वेळी पुण्याहून सिंहगड एक्स्प्रेस पकडून मी जायचे, मॅनेजर अदबीने लिंबू सरबत द्यायचा, ‘सर बाहेर आहेत’ म्हणायचा आणि मी परतीच्या गाडीत बसायचे. त्या दुकानाने मला पैशांपेक्षा सरबतच जास्त दिलं असेल. तुझ्या पिढीला निदान कायद्याचा टेकू आहे. २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्याप्रमाणे उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाचं बिल ४५ दिवसांच्या पुढे ठेवता येत नाही, ठेवलं तर व्याज लागतं. नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. ती करून देण्याचे पैसे मागणारा भेटला तर त्याला नमस्कार कर. फक्त एक, कायदा बिल आणि तारीख बघतो. खपल्या मालाचा हिशोब दर महिन्याला आणि बिल त्याच दिवशी, हे लेखी नसेल तर तुझ्या वाट्यालाही सरबत आलंच.

त्याच पहिल्या कुर्त्यांचं आणखी एक सांगायचंय. लेबल म्हणजे माझ्या लेखी तेव्हा खरंच ती मानेमागची पट्टी होती. काळ्या सॅटिनवर सोनेरी अक्षरं विणून घेतली होती. अक्षराचं वळण ठरवण्यात तीन आठवडे घालवले, नवऱ्याचं डोकं खाल्लं. महिन्याभराने एक बाई कुर्ता आल्टरला घेऊन आल्या. उलटा करून बघते तर लेबल कापलेलं. ‘टोचत होतं हो मानेला,’ म्हणाल्या. मग मी परत येणारे कुर्ते बघायला लागले. चारात तीन कापलेले. पट्टीच्या कडा गरम पात्याने कापलेल्या असायच्या, त्या वितळून प्लास्टिकसारख्या कडक व्हायच्या. दोन्ही टोकं आत दुमडून शिवणीत धरली असती तर टोचली नसती, हे माझ्या कारागिराला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. मी विचारलंच नव्हतं. त्या बाईंना माझ्या लेबलचं नाव शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही, पण ‘तुमचा मुंढा काखेत काचत नाही’ म्हणून पुढची आठ वर्षं त्या येत राहिल्या.

आत कसं असतं म्हणतेस. आत ट्यूबलाइट असते. पुढे शोरूममध्ये मंद पिवळा उजेड, अत्तराचा वास, एका दांडीवर मोजून नऊ कपडे. मागचं दार ढकललं की माळ्यावर कारागीर अड्ड्याभोवती मांडी घालून बसलेले, बहुतेक बंगाल, बिहार, उत्तर प्रदेशातले. अड्डा म्हणजे लाकडी चौकट, तिच्यावर कापड खाटेसारखं ताणलेलं. नक्षी आधी कागदावर सुईने टोचून घेतात, त्याला खाका म्हणतात, आणि मग रॉकेलमध्ये कालवलेली पूड बोळ्याने त्याच्यावर फिरवतात. भोकांतून नक्षी खाली उतरते. लाखांत बिल होणाऱ्या लेहेंग्याला पहिल्या दिवशी रॉकेलचा वास असतो. मासिकात तो येत नाही.

असिस्टंटचा दिवस या दोन खोल्यांच्या मधे जातो. सकाळी चिमूटभर कापडाचा तुकडा पर्समध्ये टाकून मंगलदास मार्केट. तिथून लेससाठी भुलेश्वर, कारण लेसचा मोतिया रंग आणि कापडाचा मोतिया एक नसतो. दुपारी रंगाऱ्याशी भांडण. संध्याकाळी शूटवरून कपडे परत येतात, गळ्याला मेकअप फासलेला असतो, तो उद्याच्या गिऱ्हाइकाच्या आत निघायला हवा. शोच्या आधीचा आठवडा तर विचारूच नकोस. रॅम्पवरचा कार्यक्रम पंधरा-वीस मिनिटांचा, त्याच्यासाठी दहा रात्री. मॉडेल ऐनवेळी बदलते आणि रात्री एक वाजता तूच गुडघ्यावर बसून घेर चार बोटं वर घेत असतेस. टाचण्या वेचाव्या लागतात. हो, लागतात. मीही वेचल्यात. पण टाचण्या वेचणारी मुलगी फिटिंगच्या खोलीत असते, आणि कपडा खरोखर घडतो तो तिथे. इन्स्टाग्राम सांभाळणारी मुलगी एसीत बसते आणि दोन वर्षांनी तिला फक्त इन्स्टाग्राम येतं.

मोठ्या ब्रँडांबद्दल तुझ्या पत्रात एक भक्तिभाव आहे. तो थोडा सैल करते. ३० मार्च २०२३ ला पॅरिसच्या डिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला, मागे भलंमोठं तोरण उभारलं होतं. त्यातलं भरतकाम मुंबईच्याच चाणक्य या कार्यशाळेचं. तो काही पहिल्याच भेटीचा सोहळा नव्हता, पॅरिसच्या घराण्यांचं भरतकाम मुंबईत कितीतरी वर्षं होत आलंय. शोने फक्त ते उघडपणे मांडलं. उलट इटलीच्या प्राडाचं घे. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारख्या चपला आल्या आणि कोल्हापूरचं नावही नाही. इथे गदारोळ झाला, मग त्यांनी मूळ मान्य केलं, आणि डिसेंबरात जाहीर केलं की महाराष्ट्र-कर्नाटकात २,००० जोड करून घेऊ, किंमत जोडाला ८०० युरोच्या आसपास. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन राज्यांच्या आठ जिल्ह्यांना मिळून. त्यात तुझा सोलापूर जिल्हाही आहे, हे सोलापुरात किती जणांना माहीत असेल कोण जाणे. मला त्या वादात राग कमी आला, हिशोब जास्त सुचला. चामडं तेच, शिवण तीच, मग शेकड्यांतली चप्पल पाऊण लाखाच्या पुढे जाते ती कशावर? नावावर. आणि ते नाव ज्याने शंभर वर्षं सांभाळलं, पैसा त्याच्याकडे जातो. चिडून उपयोग नाही, पण आपण कुठल्या टोकाला उभे आहोत ते ओळखून असावं.

आणि नाव म्हणजे तरी एक माणूस असतो असं समजू नकोस. जानेवारी २०२१ मध्ये आदित्य बिर्ला समूहाच्या कंपनीने डिझायनर सब्यसाचीच्या लेबलमधला ५१ टक्के वाटा ३९८ कोटींना घेतला. त्याच वर्षी रिलायन्सने मनीष मल्होत्राच्या कंपनीत ४० टक्के घेतले. हे कमीपणाचं नाही. सांगायचं इतकंच की ज्यांच्याकडे बघून तू ४ लाखांचं स्वप्न बघतेस, त्यांच्यामागे आता ताळेबंद वाचणारी माणसं बसलीत. अनिता डोंगरेंनी दोन शिलाई मशीनवर सुरुवात केली, ही गोष्ट तुम्ही सगळ्या मुली मला सांगता. खरी आहे. मधली पंचवीस वर्षं मात्र कुणी सांगत नाही, ती रीलमध्ये मावत नाहीत.

आता वडिलांकडे येते. खरं तर पत्र उघडलं तेव्हा मला तिथेच थांबावंसं वाटलं होतं.

‘गारमेंटमध्ये आहेत’ हे खोटं नाही, त्यामुळे त्याचं ओझं घेऊ नकोस. विशीत सगळेच घराची पाटी जरा पुसून सांगतात. माझे वडील ‘रेल्वेत’ होते, म्हणजे पार्सल ऑफिसात. पण तू काय लपवत होतीस ते एकदा बघ. युनिफॉर्मचा शर्ट पोरगं जूनपासून एप्रिलपर्यंत घालतं, घसरगुंडीवर घासतं, दप्तराच्या पट्ट्याने खांद्यावर रोज रगडतं, आणि आई तो दगडावर आपटते. तरी शिवण उसवली तर शाळा पुढच्या वर्षी दुसऱ्या कारखान्याकडे जाते. आमच्याकडचा लेहेंगा आयुष्यात दोनदा बाहेर निघतो. सांग, परीक्षा कुणाची अवघड?

वडील ताके उलगडून एकावर एक थर लावतात. वरच्या थरापासून खालच्या थरापर्यंत कापड केसभर सरकू न देता मशीन फिरवतात. चौकडी असेल तर खिशाची चौकडी छातीच्या चौकडीला मिळायला हवी. २२ नंबरपासून ४० नंबरपर्यंत एकाच शर्टाचे साचे पुठ्ठ्यावर कापून खिळ्याला टांगलेले असतील, असतातच. आम्ही याला ग्रेडिंग म्हणतो आणि मोठ्या शहरात त्याचे वेगळे पैसे मोजतो. साचे कापडावर कसे मांडायचे, कुठली बाही कुठल्या गळ्याच्या खोबणीत बसवायची, यात एका शर्टामागे २ सेंटिमीटर कापड वाचलं तर १०,००० शर्टांत २०० मीटर वाचतं. तुझ्या होऊ घातलेल्या मालकीणबाई असा मास्टर मिळावा म्हणून देव पाण्यात घालून बसल्या असतील. चांगला कटिंग मास्टर लेबल सोडून गेला तर शो पुढे ढकलावा लागतो. डिझायनर सोडून गेली तर जाहिरात देतात.

तेव्हा रुजू व्हायच्या आधी पंधरा दिवस वडिलांच्या टेबलाशी उभी राहा. उभा धागा हाताला कसा लागतो, उरेब, म्हणजे तिरकं, कापलेलं कापड रात्रभर टांगून का ठेवतात, नवं कापड धुतल्यावर किती आटतं हे ते बोलता बोलता सांगतील. आईकडून काजं शीक. हाताने केलेलं काज कुणाला येतं हल्ली?

म्हणजे नोकरी घे. दीड वर्ष धरून चाल. पहिले काही महिने प्रॉडक्शनमध्ये द्या, असं स्वतःहून माग. सगळ्या मुली डिझाइन टीम मागतात, त्यामुळे बाई चमकतील, पण नाही म्हणणार नाहीत. नेमणुकीचं पत्र हातात घे, त्यात पगार, वेळ आणि सोडायची मुदत लिहिलेली असू दे. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवायला देऊ नकोस, नक्कल दे. तिथे काढलेली चित्रं तुझी की त्यांची, ते आधी विचार. बहुधा त्यांची असतात, आणि न विचारता फोटो टाकल्यावर कळणं वाईट.

आईची भीती मी उडवून लावणार नाही. तिला ‘लाइन’ या शब्दात नेमकं काय म्हणायचंय ते तिलाही सांगता येत नसेल, पण रात्री एक वाजता तू घरी कशी येणार, हा प्रश्न त्यातून काढला तर तो अगदी रास्त आहे. तोच बाईंना विचार: उशीर झाला तर गाडी कोण देतं? १० किंवा जास्त माणसं काम करत असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. तिच्यावर कोण आहे हेही विचार. उत्तराला किती वेळ लागतो, त्यावरून बरंच कळतं. आणि २२,००० मध्ये लोअर परळला खोली मिळणार नाही. डोंबिवली-कल्याणकडे कुणी नातेवाईक असतील तर पहिले सहा महिने त्यांच्याकडे राहा. करी रोडला उतरलीस की चालत जाशील. वाटेत फिनिक्सचा मॉल लागेल. ती कापड गिरणी होती. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यानंतर तो सगळा परिसर हळूहळू असा झाला. जिथे कापड निघायचं तिथे आता कपडे टांगलेले असतात.

दीड वर्षानंतरही ४ लाख एकदम काढू नकोस. २० शर्ट शीव. बायकांचे. शर्टच म्हणते, कारण छातीवर बटण न ताणता बसणारा बायकांचा शर्ट बाजारात शोधून दाखव मला. वडिलांच्या साच्यांतून बाईच्या अंगाचा साचा काढणं सोपं नाही, छातीचा टक आणि मुंढा नव्याने बसवावा लागेल, पण तुम्ही दोघं मिळून ते कराल. माप घेऊन, आगाऊ अर्धे पैसे घेऊन शीव, म्हणजे जाकडही नाही आणि शिल्लकही नाही. वीस जणींतल्या किती परत येतात ते मोज. मग मला पुन्हा पत्र लिही. चार लाखांचं तेव्हा बघू.

राहिली बॅग. ओळखू येत नाही म्हणतेस, ते सोलापुरात. ज्या बाई दिवसभर चेन, अस्तर आणि चामड्याची कड बघतात, त्यांना ती खुर्चीत बसायच्या आधी ओळखू येईल. शिवाय जिच्या डिझाइनची नक्कल पंधरा दिवसांत निम्म्या किमतीला बाजारात टांगलेली असते, तिच्यासमोर नक्कल काखेत मारून जायचं? कापडी पिशवी ने. सोलापुरी चादरीची शिवून घेतलीस तर झकासच दिसेल, फक्त गडद रंगाची असली तर आधी दोनदा धू. माझ्या पांढऱ्या कुर्त्याच्या कमरेवर अजूनही जांभळा पट्टा आहे.